ख्रिसमसची गाणी आणि सिनेमे नेमके कोणाचे?

2020 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत एक बातमी आली आणि लोक मनापासून चिडले. 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' हा अर्ध्या तासाचा कार्टून कार्यक्रम 1965 पासून दर वर्षी साध्या टीव्हीवर लागायचा, आधी सीबीएसवर, 2001 पासून एबीसीवर, घरात अँटेना असला की झालं, वेगळे पैसे लागायचे नाहीत. त्याचे हक्क ॲपलने घेतले आणि आता हा कार्यक्रम फक्त आमच्या ॲपवर दिसेल असं ठरवून टाकलं. ऑनलाइन याचिका निघाल्या, लोकांनी सह्या केल्या, आणि महिन्याभरात कंपनीने माघार घेऊन पीबीएस या सार्वजनिक वाहिनीला तो दाखवू दिला. 2020 ला दाखवला, 2021 ला दाखवला, 2022 पासून तेही बंद. आता डिसेंबरात मोजके दिवस ॲपवर फुकट, बस.

कायद्याने बघितलं तर यात कोणाचीच चूक नाही. ज्याचा माल त्याने विकला, ज्याला हवा होता त्याने घेतला. मग लोकांना आपल्या घरातलं काहीतरी उचलून नेल्यासारखं का वाटलं? बरेच जण म्हणाले की हा नुसता हळवेपणा आहे, लहानपणच्या आठवणी आहेत, सोडून द्या. मला ते अजिबात पटत नाही. लोकांचं वाटणं बरोबर होतं आणि कायदा मागे पडलाय, असं माझं स्पष्ट मत आहे. एखादी गोष्ट परंपरा होते ती लोकांनी ती वर्षानुवर्षं उचलल्यामुळे, गायल्यामुळे, बदलल्यामुळे, पोरांना दाखवल्यामुळे. ते काम लोक करतात, आणि मालकी मात्र अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याने 95 वर्षं एकाच खात्यावर जमा होत राहते.

आता त्याच कार्यक्रमात काय काय आहे ते जवळून बघा. व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झची पात्रं, व्हिन्स ग्वाराल्डीचा जॅझ पियानो, मोठ्यांनी काढलेल्या बारीक आवाजाऐवजी खरोखरच्या लहान मुलांचे आवाज, मागे हसण्याचं रेकॉर्डिंग नाही. हे सगळं त्यांचं स्वतःचं, आणि 1965 ला हे धाडसच होतं कारण चॅनेलच्या साहेबांना तो पडेल असंच वाटत होतं (पहिल्याच रात्री टीव्ही बघणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांनी तो बघितला). पण कार्यक्रमाचा कळस कुठे आहे? लायनस नावाचा मुलगा रिकाम्या स्टेजवर उभा राहून लूकच्या शुभवर्तमानातला जन्माचा उतारा म्हणतो, आणि 'भिऊ नका' या शब्दांपाशी कधीही न सोडलेली आपली दुलई हातातून सोडतो. मग ग्वाराल्डी 'ओ टॅननबाउम' वाजवतो, ते जुन्या जर्मन लोकगीताच्या चालीवर 1824 मध्ये अर्न्स्ट आन्शुट्झने बसवलेलं. आणि शेवटी सगळी पोरं मिळून 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' गातात. म्हणजे डोळ्यात पाणी आणणाऱ्या बहुतेक जागा सार्वजनिक विहिरीतल्या पाण्यावर उभ्या आहेत. त्यासाठी कोणाला परवानगी मागावी लागली नाही, कोणाला पैसे द्यावे लागले नाहीत, आणि ते योग्यच होतं. माझा प्रश्न फक्त एवढाच की तिथून घेतलेलं परत कधी येणार?

हे 'हार्क' गाणंच घ्या, कारण त्याच्याइतकं हातोहात फिरलेलं दुसरं गाणं सापडणं अवघड आहे. शब्द चार्ल्स वेस्लीचे, 1739 चे, पण त्याची पहिली ओळ आज कोणी म्हणतच नाही. तिच्यात एक जुना, तेव्हाही थोडा बोजड वाटणारा शब्द होता, आणि जॉर्ज व्हाइटफील्ड या दुसऱ्या धर्मोपदेशकाने ती बदलून देवदूतांची ओळ घातली. चाल मेंडेल्सोनची, पण त्याने ती ख्रिसमससाठी केलीच नव्हती. 1840 मध्ये लाइपझिगला छपाईच्या शोधाचा 400 वर्षांचा सोहळा होता, गुटेनबर्गच्या गौरवासाठी, त्या कार्यक्रमातली ती रचना होती, आणि ही चाल धार्मिक शब्दांना शोभणार नाही असं मेंडेल्सोनचं स्वतःचं मत होतं. 1855 मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम कमिंग्ज नावाच्या तरुण ऑर्गनवादकाने ती चाल आणि हे शब्द एकत्र बसवले. तोपर्यंत वेस्ली आणि मेंडेल्सोन दोघंही गेलेले. म्हणजे मूळ कवीला न विचारता ओळ बदलली, संगीतकाराच्या मताविरुद्ध चाल लावली, आणि त्यातून जगातलं सगळ्यात भरदार कॅरल, म्हणजे ख्रिसमसचं गाणं, तयार झालं. आजच्या नियमांत कमिंग्जला दोन वकिलांची पत्रं आली असती आणि त्याने गप्प बसून ऑर्गनचा दुसरा तुकडा वाजवला असता.

वेस्ली बंधूंना हे आवडत नव्हतं हेही सांगायला हवं. थोरला भाऊ जॉन वेस्ली याने एका भजनसंग्रहाच्या प्रस्तावनेत सरळ लिहिलंय की आमची गाणी खुशाल छापा पण सुधारायला जाऊ नका, ते तुम्हाला जमणार नाही. त्याचा राग खरा होता. पण या एका बाबतीत लोकांनी ऐकलं नाही ते बरं झालं.

'सायलेंट नाइट'ची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असते आणि जी माहीत असते तीच नेमकी खोटी असते. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला, ऐन ख्रिसमसला संगीत बंद पडलं, म्हणून घाईघाईत गिटारवर गाणं रचलं, अशी ती गोष्ट. संगीतकार फ्रान्झ झेव्हर ग्रुबरने 1854 मध्ये स्वतःच्या हाताने या गाण्याची हकिकत लिहून ठेवली आहे, त्यात ना उंदीर आहेत ना बिघडलेला ऑर्गन. योझेफ मोअर या तरुण धर्मगुरूने कविता दोन वर्षं आधी, 1816 मध्ये मारियाफार या डोंगरातल्या गावी असताना लिहिली होती. नेपोलियनची युद्धं नुकतीच संपलेली, त्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, आणि अशा वर्षात त्याने सहा कडव्यांची शांततेची कविता लिहिली. 24 डिसेंबर 1818 ला त्याने ती ग्रुबरकडे दिली, ग्रुबर शेजारच्या गावात शाळामास्तर, त्याने दोन आवाज आणि गिटारसाठी चाल लावली, रात्री दोघांनी गायली. उंदरांची गोष्ट सांगितली की यातलं हे युद्ध, ही भूक, हे सगळं गळून पडतं, म्हणून मला ती गोष्ट खटकते.

पण माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने पुढचा भाग महत्त्वाचा आहे. हे गाणं पसरलं कसं? कार्ल माउराखर नावाचा ऑर्गन बनवणारा कारागीर त्या चर्चमध्ये काम करायला यायचा, तो ते आपल्या टिरोल प्रांतातल्या झिलरटाल खोऱ्यात घेऊन गेला. तिथलं श्ट्रासर कुटुंब हातमोजे विकायचं, ते लाइपझिगच्या जत्रेत माल विकता विकता गायचे, त्यांनी ते गायलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. झिलरटालचंच राइनर कुटुंब गात गात थेट अमेरिकेत पोचलं आणि 1839 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते गायलं गेलं. मधल्या काळात ड्रेस्डेनमध्ये ते छापलं गेलं ते 'अस्सल टिरोली गाणी' या नावाखाली, कवी-संगीतकाराचं नावच नाही. चालीत थोडे बदल होत गेले, आज आपण ऐकतो ती ग्रुबरच्या मूळ चालीपेक्षा जराशी वेगळी आहे. कोणी म्हणालं हायडनची आहे, कोणी म्हणालं मोझार्टची. शेवटी बर्लिनच्या दरबारी संगीतमंडळींनी चौकशी केली तेव्हा ग्रुबरने ती 1854 ची हकिकत लिहिली, आणि मोअर तर 1848 मध्येच गेला होता, गरिबीत, कारण हातात येणारा पैसा तो गावातल्या पोरांच्या शिक्षणावर घालवायचा.

आता इथे कोणी म्हणेल की बघा, हाच तर कॉपीराइट हवा असण्याचा पुरावा, बिचाऱ्या मोअरला एक दमडी मिळाली नाही. हो, आणि ते वाईट झालं. नाव न छापणं हा तर सरळ अन्याय होता. मोअरला जिवंतपणी पैसे आणि नाव दोन्ही मिळायला हवं होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण समजा आजचा युरोपातला नियम तेव्हा असता, लेखक-संगीतकारांपैकी जो शेवटी जाईल त्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षं, तर ग्रुबर 1863 मध्ये गेला, म्हणजे 1933 पर्यंत हे गाणं कोणाच्या तरी मालकीचं राहिलं असतं. हातमोजे विकणाऱ्या कुटुंबाने परवानगी कुठून आणली असती? 1914 च्या ख्रिसमसला पश्चिम आघाडीवर खंदकांतले जर्मन आणि ब्रिटिश सैनिक हे गाणं आपापल्या भाषेत गायले. दोन्हीकडे ते पाठ होतं, कारण तोपर्यंतच्या शंभर वर्षांत ते कुठेही, कोणीही, कोणत्याही भाषेत करून घेतलं होतं.

सांताक्लॉजबद्दल तर लोक छातीठोकपणे सांगतात की लाल कोटवाला सांता कोका-कोलाने बनवला. नाही. कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी हॅडन सन्डब्लॉमने काढलेली ती प्रसिद्ध चित्रं 1931 पासूनची. त्याच्या जवळपास सत्तर वर्षं आधी, 1863 पासून, थॉमस नास्ट 'हार्पर्स वीकली'मध्ये सांता काढत होता, गुबगुबीत, दाढीवाला, आणि लाल कपड्यातला सांताही तोपर्यंत चांगलाच रुळला होता. नास्टच्याही आधी 23 डिसेंबर 1823 ला न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता आली, धुराड्यातून उतरणारा, आठ रेनडियरवाला सांता त्या कवितेने रूढ केला. ती दर वर्षी शेकडो वर्तमानपत्रांनी न विचारता छापली, त्या छापाछापीत शेवटच्या दोन रेनडियरची नावंसुद्धा बदलली. म्हणजे कवी, छापखानेवाले, व्यंगचित्रकार अशा सगळ्यांनी मिळून घडवलेला माणूस शीतपेयाच्या कंपनीने उचलला, त्याच्यावर चिक्कार पैसा कमावला, आणि वर श्रेय पण तिलाच मिळतंय. श्रेय चुकीच्या जागी गेलं की पुढचं गृहीतकही चुकतं, लोकांना वाटायला लागतं की परंपरा कंपन्याच तयार करतात, मग त्या कंपन्यांच्याच मालकीच्या असल्या तर काय बिघडलं.

यावर सगळ्यात मोठं उत्तर आहे ते 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. या सिनेमाची जन्मकथा मला सिनेमाइतकीच आवडते. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न नावाच्या लेखकाने एक छोटी गोष्ट लिहिली, कोणी छापेना, तर 1943 च्या ख्रिसमसला त्याने स्वतःच्या पैशाने तिच्या 200 पुस्तिका छापल्या आणि शुभेच्छापत्र म्हणून मित्रांना पाठवल्या. त्यातली एक हॉलिवूडमध्ये पोचली आणि आरकेओ स्टुडिओने 10,000 डॉलरला हक्क घेतले. पुढे फ्रँक कॅप्राने 1946 मध्ये सिनेमा केला, भर उन्हाळ्यात शूटिंग करून. तोवर सिनेमातला बर्फ म्हणजे पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स असायचे, त्यावर चाललं की एवढा कुरकुर आवाज यायचा की संवाद नंतर पुन्हा रेकॉर्ड करावे लागायचे. या सिनेमासाठी आग विझवायच्या फेसात साबण वगैरे मिसळून न वाजणारा बर्फ तयार केला आणि त्या बर्फाला ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. बाकी पाच नामांकनांपैकी एकही हाताला लागलं नाही, तिकीटबारीवर सिनेमा पडला, कॅप्राची नवी कंपनी बुडाली, आणि पुढची जवळपास तीस वर्षं हा सिनेमा विस्मरणातच होता.

मग 1974 उजाडलं. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट आधी 28 वर्षांचा मिळायचा आणि 28 व्या वर्षी अर्ज केला तर आणखी 28. ज्या कंपनीकडे हक्क होते तिने अर्ज केलाच नाही. सिनेमा मोकळा झाला, म्हणजे कोणीही न विचारता, फुकट दाखवावा. गावोगावच्या छोट्या टीव्ही स्टेशन्सना डिसेंबरात वेळ भरायला फुकटचं काहीतरी हवंच होतं, त्यांनी तो लावायला सुरुवात केली, एकाच संध्याकाळी तीन चॅनेलवर तीन वेगवेगळ्या वेळी, आणि दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेतल्या घराघरात त्याचा नायक जॉर्ज बेली पाठ झाला. कॅप्रा तेव्हा म्हातारा झाला होता, त्यालाही या पुनर्जन्माचं आश्चर्य वाटलं. कोणत्याही मार्केटिंग विभागाने हे ठरवलं नव्हतं. मालकी सुटली म्हणून परंपरा तयार झाली, इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

आणि परंपरा तयार झाल्यावर काय झालं? 1990 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'रिअर विंडो' सिनेमाच्या खटल्यात निकाल दिला की सिनेमा ज्या कथेवर बेतलाय तिचा हक्क दुसऱ्याकडे जिवंत असेल तर सिनेमा मनमानी वापरता येणार नाही. (खटल्यातल्या पक्षकारांमध्ये जेम्स स्ट्युअर्ट होता, म्हणजे जॉर्ज बेलीचं काम करणारा नटच.) या निकालाचा आधार घेऊन 1993 मध्ये रिपब्लिक पिक्चर्सने सांगितलं की सिनेमा मोकळा असेल पण स्टर्नच्या कथेचं नूतनीकरण वेळेवर झालंय, आणि संगीताचे हक्कही आम्ही घेतलेत, तेव्हा आता आम्हाला विचारल्याशिवाय कोणी लावायचा नाही. 1994 पासून एनबीसी एकटंच दाखवायला लागलं. मित्रांना फुकट वाटलेली गोष्ट कुलूप म्हणून वापरली गेली. वीस वर्षं त्या छोट्या स्टेशन्सनी आणि प्रेक्षकांनी या सिनेमाची जी किंमत वाढवली, ती सगळी त्या कंपनीच्या खिशात गेली जिच्या पूर्वावताराने एक साधा अर्ज भरायची तसदी घेतली नव्हती. हे मला आजही अन्यायाचंच वाटतं.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे. सिनेमा मोकळा होता तेव्हाच 1980 च्या दशकात त्याला कॉम्प्युटरने रंग दिले गेले. कॅप्रा आधी तयार होता पण नंतर तोही विरोधात गेला, स्ट्युअर्टने तर जाहीरपणे कडाडून विरोध केला, पण कॉपीराइट नसल्याने थांबवता येईना. कलावंताला आपल्या डोळ्यांदेखत आपलं काम विद्रूप होताना बघावं लागतं, यातलं दुःख मी कमी लेखत नाही. पण पुढे काय झालं तेही बघा, मूळ काळापांढरा सिनेमा कुठेही गेला नाही, आणि आज लोक तोच बघतात. वाईट आवृत्ती आपोआप मागे पडते. बंद केलेली चांगली आवृत्ती मात्र कधी जन्मालाच येत नाही, आणि जे जन्मालाच आलं नाही त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

डिकन्सचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलतं. 'अ ख्रिसमस कॅरल' 19 डिसेंबर 1843 ला आलं, ख्रिसमसच्या आदल्या दिवसापर्यंत 6,000 प्रती संपल्या, पण पुस्तक इतकं देखणं छापलं होतं की डिकन्सच्या हातात 1,000 पौंडांच्या अपेक्षेऐवजी 230 पौंड पडले. महिन्याच्या आत एका चोरट्या प्रकाशकाने दोन पेन्सला नक्कल काढली. डिकन्स कोर्टात गेला, जिंकला, तर प्रकाशकाने दिवाळं काढलं आणि 700 पौंडांचा खर्च डिकन्सच्याच माथी आला. इथे मी पूर्णपणे डिकन्सच्या बाजूने आहे, लेखक जिवंत आहे, पुस्तक महिन्याचं आहे, त्याच्यावर घर चालतंय, तिथे नक्कल म्हणजे चोरीच. पण डिकन्स 1870 मध्ये गेला, आणि त्यानंतर पुस्तकातल्या कंजूष म्हाताऱ्याचं, स्क्रूजचं, जे झालं ते बघा, 1901 मधला मूकपट, 1951 मधला ॲलस्टेअर सिमचा काळोखा स्क्रूज, 1992 मध्ये मपेट बाहुल्यांच्या मधोमध गंभीर चेहऱ्याने उभा असलेला मायकेल केन. कापडाच्या बेडकाला स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट करायची परवानगी द्यायला कोणती वारसदार मंडळी तयार झाली असती? आणि क्रॅचिटचा आजारी मुलगा टायनी टिम गेल्याचा तो प्रसंग त्या बाहुल्यांमध्येही गळा दाटून आणतो.

'नटक्रॅकर' या बॅलेचं तसंच. डिसेंबर 1892 ला सेंट पीटर्सबर्गमध्ये पहिला प्रयोग झाला, समीक्षकांना फारसा आवडला नाही, संगीतकार चायकोव्हस्की पुढच्याच वर्षी गेला. 1944 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आणि 1954 मध्ये नृत्यदिग्दर्शक बॅलन्शीनने न्यूयॉर्कमध्ये पूर्ण बॅले नव्याने बसवला, तिथून अमेरिकेत त्याचा सण झाला, 1960 मध्ये ड्यूक एलिंग्टनने त्याच सुरावटी जॅझमध्ये नेल्या, आणि आज कित्येक बॅले कंपन्यांचं वर्षभराचं पोट या एका प्रयोगाच्या तिकिटांवर चालतं.

आता रुडॉल्फ हा रेनडियर, कारण तो माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे. 1939 मध्ये शिकागोच्या मॉन्टगोमरी वॉर्ड या दुकानांच्या साखळीने आपल्या जाहिरात विभागातल्या रॉबर्ट मे या कारकुनी लेखकाला सांगितलं की गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट द्यायला एक गोष्ट लिही. मेच्या बायकोला कॅन्सर होता, ती त्याच जुलैमध्ये गेली. साहेबांनी सांगितलं, राहू दे, दुसऱ्या कोणाला देतो, तो म्हणाला नको, मीच पूर्ण करतो. संध्याकाळी चार वर्षांच्या मुलीला ओळी वाचून दाखवत त्याने लाल नाकाचा, इतरांनी चिडवलेला रेनडियर लिहून काढला. त्या ख्रिसमसला 24 लाख प्रती फुकट वाटल्या गेल्या. हक्क कंपनीचे, त्याच्या डोक्यावर दवाखान्याचं कर्ज. 1947 च्या सुरुवातीला कंपनीच्या प्रमुखाने कॉपीराइट त्याच्या नावावर करून दिला, 1949 मध्ये मेच्या मेहुण्याने, जॉनी मार्क्सने, गाणं लिहिलं, जीन ऑट्रीने गायलं, आणि मेचं कर्ज फिटलं, पोरं शिकली. कॉपीराइट कशासाठी असतो ते यापेक्षा चांगलं कोणी सांगू शकणार नाही. (1964 मधल्या टीव्ही कार्यक्रमाच्या कॉपीराइटच्या पाटीवर तर रोमन आकड्यात एक अक्षर राहून गेलंय, साल 1164 असं छापलंय, तरी गोष्ट आणि गाण्यांच्या हक्कांमुळे तो सुरक्षित राहिला.)

पण तारखा मांडा. जुन्या नियमाप्रमाणे 28 अधिक 28, म्हणजे 56 वर्षं धरली तर रुडॉल्फची गोष्ट 1995 मध्ये मोकळी झाली असती. रॉबर्ट मे 1976 मध्ये गेला. म्हणजे जुन्या कायद्यानेही त्याचं एका पैशाचं नुकसान होत नव्हतं. 1976 च्या कायद्याने मुदत 75 वर्षं केली, 1998 मध्ये ती 95 झाली, त्यामुळे ती गोष्ट 2035 मध्ये मोकळी होईल. 'व्हाइट ख्रिसमस' 1942 चं, बिंग क्रॉस्बीने ते इतकं विकलं की मूळ साचा झिजून 1947 मध्ये पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं, अर्व्हिंग बर्लिनने त्यावर भरपूर कमावलं आणि कमावलंच पाहिजे होतं. तो 1989 मध्ये 101 वर्षांचा होऊन गेला. जुन्या नियमाने गाणं 1998 मध्ये मोकळं झालं असतं, आता 2038. ही मधली 40 वर्षं लेखकाला काय देतात? त्याने गाणं लिहिलं तेव्हा 56 वर्षांची हमी त्याला पुरेशी वाटली म्हणूनच तर लिहिलं. मेलेल्या माणसाला आणखी गाणी लिहायला उत्तेजन देता येत नाही.

म्हणून माझी मागणी कॉपीराइट काढून टाका अशी नाही. लेखक जिवंत असेपर्यंत हक्क त्याचा, मागे कुटुंब असेल तर काही दशकं त्यांचा. त्यानंतर ज्याला हक्क ठेवायचाय त्याने दर काही वर्षांनी अर्ज करावा, थोडी फी भरावी, आणि मालक कोण ते सार्वजनिक नोंदीत दिसावं. अर्ज नाही तर काम मोकळं. जुन्या अमेरिकन पद्धतीत नोंदवलेल्यांपैकी साधारण 15 टक्के कामांचंच नूतनीकरण व्हायचं, म्हणजे बहुतेक मालकांना 28 वर्षांनंतर त्या हक्काची गरजच नव्हती, आज मात्र सगळ्यांवर लांब मुदतीचं कुलूप आपोआप लागतं, कंपनीसाठी केलेल्या कामावर साधारण 95 वर्षांचं, लेखकाच्या स्वतःच्या नव्या कामावर त्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षांचं. कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार आडवा येतो असं लगेच सांगितलं जातं. तो करार परदेशी लेखकांवर अशा अटी लादू देत नाही आणि मृत्यूनंतर 50 वर्षांची किमान मुदत मागतो, पण स्वतःच्या देशातल्या कामांना देश आपले नियम लावू शकतो, आणि 50 नंतरच्या 20 वर्षांसाठी अर्ज मागायला काहीच हरकत नाही. ही कल्पना कोणा भाबड्या माणसाची पण नाही, 2013 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसच्या तेव्हाच्या प्रमुखांनीच शेवटच्या 20 वर्षांसाठी हे सुचवलं होतं. पुढे काहीच झालं नाही.

दुसरं, जे मोकळं आहे त्यावर खोटा दावा करणाऱ्याला दंड हवा. आज कोणी स्वतःच्या आवाजात 'सायलेंट नाइट' गाऊन व्हिडिओ टाकला तरी एखाद्या रेकॉर्ड कंपनीच्या ऑटोमॅटिक सिस्टिमकडून क्लेम येऊ शकतो, आणि ते गाणं 1818 चं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी गाणाऱ्यावर. उलट असायला हवं.

आणि टीव्हीवरच्या गोष्टींसाठी ब्रिटनकडे एक तयार नमुना आहे. 1996 च्या कायद्याखाली तिथे काही खेळांची यादी आहे, ऑलिंपिक, फुटबॉल वर्ल्ड कप, विम्बल्डनची फायनल, ग्रँड नॅशनलची शर्यत, यांचं थेट प्रक्षेपण फुकट दिसणाऱ्या चॅनेलला योग्य किमतीत मिळालंच पाहिजे, फक्त पैसे भरणाऱ्यांपुरतं ते ठेवता येत नाही. मालक मालकच राहतो, पैसेही मिळतात, पण देशाने ज्याला आपलं मानलंय ते कोणाच्या तोंडावर बंद होत नाही. पन्नास वर्षं दर डिसेंबरात दाखवल्या गेलेल्या कार्यक्रमाला वर्षातून एक फुकट संध्याकाळ मिळावी, यात कोणत्याही कंपनीचं दिवाळं निघणार नाही.

एक शेवटचं उदाहरण, कारण यात सगळा गुंता एका गाण्यात आहे. 'कॅरल ऑफ द बेल्स' आज 'होम अलोन'मुळे पोरासोरांना माहीत आहे. ते मुळात ख्रिसमसचं नाही. युक्रेनमधलं नव्या वर्षाचं चार स्वरांचं लोकगाणं, घरात चिमणीसारखी पाकोळी येते आणि घरधन्याला सांगते की यंदा भरभराट होणार. मिकोला लेऑन्तोविचने त्यावर समूहगीत रचलं, 1916 मध्ये कीव्हमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं. जानेवारी 1921 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या माणसाने त्याला गोळी घातली. पुढच्या वर्षी युक्रेनचं गायनपथक ते गाणं घेऊन न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये उभं राहिलं, आणि 1936 मध्ये पीटर विल्हाउस्कीने घंटांचे इंग्रजी शब्द लिहिले. म्हणून आज परिस्थिती अशी आहे की अमेरिकेत ती चाल कोणीही वाजवावी, पण त्यावरचे इंग्रजी शब्द छापायचे तर परवानगी घ्यावी लागते, आणि ती 2031 संपेपर्यंत लागणार. विल्हाउस्की 1978 मध्ये गेला. त्याने शब्द लिहिले तेव्हाच्या नियमाने ते 1992 मध्ये मोकळे झाले असते, आणि अर्जाचा नियम टिकला असता तर तोवर कोणाला ते हक्क ठेवायचे होते का, हेही सरळ एका नोंदवहीत बघता आलं असतं.